इंजिन थांबल्यावर

माझा भाचा वैमानिकाचं शिक्षण घेतो आहे. तो पहिल्यांदा एकटा विमान उडवणार हे ठरलं, त्या रात्री म्हापशाहून बहिणीचा फोन आला. "दादा, वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर रे?"

मी कलाशाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. मला काय ठाऊक? पण हॅरिसन फोर्डचा अपघात आठवला आणि त्याविषयी शोधून वाचलं.

'इंडियाना जोन्स'मधला हा नट खऱ्या आयुष्यातही वैमानिक. ५ मार्च २०१५ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका विमानतळावरून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन विमान उडवलं. थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. त्याने धावपट्टीकडे परतायचा प्रयत्न केला. पोहोचणार नाही असं दिसताच जवळचं गोल्फचं मैदान धरलं. वाटेत झाडाचा शेंडा लागला, विमान आदळलं. तो जबर जखमी झाला, पण वाचला.

चौकशीत निघालं काय? कार्ब्युरेटरचा जेट आटे सुटून जागेवरून हललेला! इंधन प्रमाणाबाहेर जाऊन इंजिन गुदमरलं. आमच्या वडिलांची स्कूटर फर्मागुडीच्या चढावर अडून बसायची, तेव्हा मेकॅनिक जेट काढून त्यातला कचरा फुंकायचा. पण स्कूटर कडेला लावता येते. विमान कुठे लावणार?

शेवटी भाच्यालाच फोन केला. खरं सांगायचं तर, हे सोडून सरकारी परीक्षेला बस, असं सांगायचं मनात होतं. तो म्हणाला, "मामा, इंजिन थांबलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. नाक खाली करून वेग राखायचा, मग पंख तोलून धरतात. घाबरून नाक वर ओढलं तर मात्र संपलं. आणि उंची कमी असेल तर मागच्या धावपट्टीचा मोह सोडायचा, समोर मोकळी जागा बघायची."

परीक्षेचा विषय मी काढलाच नाही.

बहिणीला म्हटलं, "इंजिन बंद पडू शकतं, बाय. तो त्याचाच अभ्यास करतोय."

एक गोष्ट तिला सांगितली नाही. फोर्डच्या आसनाचा खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या जखमा वाढल्या, असंही चौकशीत म्हटलं आहे. उड्डाणाच्या सकाळी मी भाच्याला एवढंच विचारलं, "पट्टा ओढून बघितलास?"

"दोनदा, मामा."