खालच्या डेकवरची माणसं

गेले काही दिवस एक फोटो डोक्यातून जात नाहीये. आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा 'द स्टीअरेज', १९०७ सालचा. स्टीअरेज म्हणजे जहाजावरचा सगळ्यात स्वस्त वर्ग. मधोमध तिरका पांढरा पूल, एका बाजूला जिना, वरून वाकून बघणारा गोल टोपीवाला आणि खाली दाटीवाटीनं बसलेली माणसं, शाली पांघरलेल्या बाया, वाळत घातलेले कपडे.

बरेच लोक समजतात की हे अमेरिकेत नव्यानं येणारे लोक आहेत. पण जहाज न्यूयॉर्कहून युरोपला चाललं होतं! म्हणजे ही परत निघालेली माणसं.

त्या काळी फोटो ही कला आहे हे मान्य करून घेण्यासाठी तो धूसर, चित्रासारखा काढायची पद्धत होती. स्टिग्लिट्झही त्यातलाच. १९०५ मध्ये त्यानं न्यूयॉर्कला फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर २९१ नंबरच्या इमारतीत छोटीशी गॅलरी उघडली. तिथं फोटोंबरोबर रोदँची, मातिसची चित्रं लागली, १९११ मध्ये पिकासोची. गाजलेलं आर्मरी शो प्रदर्शन भरलं ते १९१३ मध्ये, म्हणजे त्यानंतर!

आता गंमत बघा. 'द स्टीअरेज' त्यानं आपल्या 'कॅमेरा वर्क' मासिकात छापला तो १९११ च्या ऑक्टोबरमध्ये. चार वर्षं थांबून, आणि पिकासोच्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी. मला वाटतं, आपण काय टिपलंय हे त्याला स्वतःलाही त्या चित्रांमुळे नीट दिसलं असावं. डोळे आधी बघतात, कळतं नंतर.

पुढे १९४२ मध्ये त्यानं या फोटोची गोष्ट लिहिली. पहिल्या वर्गातल्या श्रीमंतांना कंटाळून तो फिरत होता, खाली हे आकार दिसले, कॅमेरा आणायला पळत गेला. एकच प्लेट शिल्लक होती. परत आला तर कोणी हललेलं नव्हतं.

आकार! हाच शब्द मला टोचतो. पूल, जिना, टोपी आणि माणसं, सगळे आकारच. तो स्वतः स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेला, मनानं त्या लोकांकडे ओढलेला. तरी उभा वरच्या डेकवर. फोटोत त्यांची नावं नाहीत.

फोटोला कला म्हणून मान मिळाला, हे चांगलंच झालं. १९२४ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयानं स्टिग्लिट्झचे २७ फोटो घेतले. त्यामागे होते तिथल्या भारतीय कलाविभागाचे आनंद कुमारस्वामी, हे वाचून तर फार बरं वाटलं. पण कलेचा मान फोटोला मिळाला, फोटोतल्या माणसांना काय मिळालं?

आमच्या अल्बममध्ये एका लग्नाच्या फोटोत मागे पातेलं धरून उभी असलेली एक बाई आहे. नवरा-नवरीच्या सात पिढ्या सगळ्यांना पाठ, तिचं नाव एकालाही सांगता येत नाही.

असो. घरातली मंडळी हे वाचत असतीलच. आत्याला अजून सगळं आठवतंय. पुढच्या वेळी तिच्याकडे गेलात की अल्बम घेऊन बसा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहून ठेवा. मागे उभ्या असलेल्यांचीसुद्धा.