अजून किती निघाले असते?

डेक्सा स्कॅनचा अहवाल हातात आला तेव्हा माझं वय सत्तावन्न होतं आणि कण्याचा टी-स्कोअर उणे २.१. उणे १पर्यंत हाडं ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे विरळ होत चाललेली आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, असा हिशोब मिरजेच्या डॉक्टरबाईंनी कागदावर रेघा मारून समजावला. मी लगेच माझी बाजू मांडली. रोज सकाळी तासभर चालते, दोन जिने चढते-उतरते, कामाला बाई नाही, सगळं हातानं करते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "चालणं सोडू नका, हृदयाला ते चांगलंच आहे. पण तुमच्या हाडांना त्याची सवय झालीय. सवयीपेक्षा जास्त भार आला तरच हाड स्वतःला घट्ट करतं. वजनं उचला. आणि एकटीनं नको, शिकवणारं माणूस बघा."

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबरोबर त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाची माहितीही दिली. रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडं विरळ झालेल्या शंभरेक बायका. त्यांतल्या निम्म्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. जमिनीवरून, खांद्यावर घेऊन, डोक्यावर. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्या उरलेल्या निम्म्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. "पण त्या प्रत्येकीवर प्रशिक्षित माणसाची नजर होती," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी हे हसले. "मोटर बसवली, मिक्सर आणला, वॉशिंग मशीन आणलं, तुझी मेहनत कमी व्हावी म्हणून. आता पैसे भरून ओझी उचलायची?" मला लगेच उत्तर सुचलं नाही, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी आई आडाचं पाणी शेंदायची, दोन घागरी घेऊन चढ चढायची. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे तालमी गल्लोगल्ली, पण त्यात बायकांचं पाऊल पडायचं नाही. बायकांची ताकद कामातच खर्च व्हायची. काम यंत्रांनी घेतलं आणि ताकदीची सोय कुणी लावलीच नाही.

विश्रामबागेतल्या एका जिममध्ये गेले तेव्हा कळलं की तिथं दोन बिलं असतात. एक जिमचं, दुसरं पर्सनल ट्रेनिंगचं, ज्याला तिथं सगळे 'पीटी' म्हणतात. तीन महिन्यांच्या पीटीला वर्षभराच्या मेंबरशिपपेक्षा जास्त पैसे. भरले. पहिला ट्रेनर मिळाला तो दंड फुगलेला, गोड बोलणारा मुलगा. त्यानं माझ्या हातात एक-एक किलोची गुलाबी डंबेल्स दिली. "काकू, तुमच्या वयाला एवढं बास." मी हात वर-खाली करत असताना तो मोबाइलवर असायचा आणि फोनवर बोलता बोलताच "बारा, तेरा, चौदा" मोजायचा. दुसऱ्या आठवड्यात प्रोटीनच्या डब्याची किंमत सांगितली. घाम येत होता, पण हाडांना नवीन काही सोसावं लागत होतं असं मला वाटेना. मी ट्रेनर बदलून मागितला.

दुसरी मिळाली ती सव्वीस-सत्तावीसची, बुटकी, रुंद खांद्यांची पोरगी. कॉलेजात असताना वेटलिफ्टिंगच्या स्पर्धा खेळलेली. सांगलीत हा खेळ मुरलेला आहे. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात आपल्या संकेत सरगरनं रौप्यपदक आणलं ते एकूण २४८ किलो उचलून. सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्या एका किलोबद्दल ती अजून घरातल्या गोष्टीसारखी हळहळते. जिममधली पोरं तिला 'मॅम' म्हणतात. मी 'अगं' म्हणते, ती मला 'काकू'.

पहिल्या दिवशी तिनं मला कशालाच हात लावू दिला नाही. वही काढून प्रश्न विचारले. बीपी आहे का, गोळी कोणती, गुडघे कधी दुखतात, चढताना की उतरताना, पूर्वी कुठलं हाड मोडलंय का. मग आवाज उतरवून : शिंकताना, खोकताना लघवी निसटते का? हा प्रश्न मला डॉक्टरांखेरीज कुणी विचारला नव्हता. "सांगून ठेवा काकू. वजन उचलताना पोटावर दाब येतो. श्वास कसा सोडायचा ते त्यावर ठरवते मी."

मग तिनं कोपऱ्यातला पीव्हीसीचा पाइप आणला आणि माझ्या पाठीवर उभा धरायला लावला. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. पाइप तीन ठिकाणी टेकला पाहिजे : डोक्याच्या मागच्या बाजूला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला. "आता वाका. तिन्ही ठिकाणं सुटता कामा नयेत." मी वाकले आणि पाइप पहिल्यांदा खालून सुटला, मग वरून. चाळीस वर्षं केर काढताना, रांगोळी घालताना, बादली उचलताना मी पाठीतूनच वाकत आले होते. ती मागं जाऊन उभी राहिली. "गुडघे जरा सैल. आता पाठीला विसरा. हिप्स मागं, भिंतीला टेकवायचेत असं समजा." चौथ्या-पाचव्यांदा पाइप तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला आणि मांड्यांच्या मागं, जिथं मला स्नायू असल्याचा पत्ता नव्हता, तिथं ताण आला. विरळ मणक्यांवर पाठ गोल करून वजन घेणं हाच खरा धोका, म्हणून पहिले काही दिवस आम्ही त्या पाइपलाच वाहिले.

वजनाचा विषय निघाला तेव्हाचं संभाषण मला पाठ आहे.

"काकू, जमिनीवरून किती उचलाल असं वाटतं?"

"पाच किलो. फार तर सात."

"गॅसचा भरलेला सिलिंडर आत कोण नेतं?"

"मीच की."

"उचलून?"

"उंबरा आहे ना मधे. तेवढा उचलते."

"गॅस चौदा किलो, टाकी पंधरा-सोळा. तीस झाले. आणि मला सात सांगताय!"

घरात मोजायचं नाही आणि बाहेर कुणी विचारलं तर कमी सांगायचं, ही आमच्या पिढीच्या बायकांची रीतच. त्या पोरीचं सगळं काम मला या रीतीच्या विरुद्ध चाललेलं दिसतं.

सुरुवात आठ किलोच्या केटलबेलनं झाली. मग रॉड, बायकांच्या स्पर्धेतला रॉड पंधरा किलोचा, पुरुषांचा वीसचा. मोकळा रॉड फार खाली राहतो म्हणून तिनं तो रॅकच्या दांड्यांवर गुडघ्याखाली टेकवला. मग दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या. एका खेपेला वाढ अडीच किलोची, कधी तीही नाही. वहीत तारीख, वजन, सेट, रेप्स आणि शेवटच्या रकान्यात एक आकडा. तो आकडा माझ्याकडून यायचा. प्रत्येक सेट संपला की ती विचारायची, "अजून किती निघाले असते?"

मला हा प्रश्न सुरुवातीला शिष्टाचाराचा वाटला. कसं वाटतंय, बरं वाटतंय, तसा. म्हणून मी ठरलेलं उत्तर द्यायचे : एकही नाही. एकदा डेडलिफ्टच्या पाचव्या रेपला मी "बास" म्हणून रॉड ठेवला. "किती निघाले असते?" "एकही नाही." "करून बघा. मी इथंच आहे." मी रॉड धरला आणि आणखी चार निघाले, तेही पाठ न मोडता. ती हसली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. रकान्यात '४' लिहिलं आणि पुढच्या वेळी अडीच किलो वाढवले.

उलटंही घडलं. संकष्टीचा उपास होता, आदल्या रात्री झोप नीट नव्हती, पण अंगात उत्साह संचारला होता. तिसऱ्या रेपनंतर मी म्हटलं, अजून तीन सहज. तिनं रॉडवर हात ठेवला. "आज बास." मी कुरकुरले. तेव्हा तिनं सांगितलं की ती माझ्या तोंडाकडे बघतच नाही, रॉडच्या वेगाकडे बघते. दम लागला, चेहरा लाल झाला, तोंडानं 'आई गं' म्हटलं, यातलं काही भरवशाचं नाही. रॉड एकाच वेगानं वर येतोय तोवर शिल्लक आहे. मधेच रेंगाळायला लागला की एखाददुसरा उरला. त्या दिवशी तो तिसऱ्यालाच रेंगाळला होता. पुढं आरशात मीही रॉड बघायला लागले आणि माझा आकडा तिच्या आकड्याच्या जवळ येऊ लागला.

हे थोडं-थोडं वाढवत नेण्याचं शास्त्र तालमीतून आलं असावं असा माझा समज होता. आधुनिक दवाखान्यांत ते आणण्याचं श्रेय थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरला जातं. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे-मांड्या निकामी झालेल्या सैनिकांवर तो उपचार करत होता. तेव्हा अशा रुग्णांना हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करायला लावत. डीलॉर्मनं त्यांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावलं आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवलं. १९४५मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. दहा-दहाचे तीन सेट हा जगभरच्या जिममधला परिपाठही त्याच्याच कामातून रुळला. माझ्या गुलाबी डंबेल्सचं काय चुकत होतं ते मला यातून नेमकं कळलं : ती कधीच वाढणार नव्हती.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सुरुवातीला जिना उतरताना कठडा धरावा लागला. दोन दिवसांनी ते दुखणं आपोआप जातं. तळहाताला घट्टे पडले. गाणी कर्कश्श असतात, त्याला इलाज नाही. जेवणात उसळ, दही आणि पनीर वाढलं, डब्याची पावडर तिनं घ्यायला लावली नाही. कौतुकाचं म्हणाल तर बसची वरच्या कप्प्यात ठेवायची बॅग आता मी स्वतः ठेवते, आणि भाच्याला हात पुढं करू देत नाही.

वर्ष उलटल्यावर पुन्हा स्कॅन केला. उणे २.०. मी पेढे आणायच्या बेतात होते, डॉक्टरबाईंनी आवरलं. यंत्राच्या मोजणीतच एवढा फरक पडू शकतो, तेव्हा वाढलं म्हणू नका. पण या वयात घसरायला हवं होतं, ते घसरलेलं नाही, एवढं नक्की म्हणा. मला हे उत्तर आवडलं. त्यांनीही आकडा फुगवला नाही.

त्यानंतर ट्रेनरनंच सुचवलं, "आता दर वेळी मी कशाला? महिन्यातून दोनदा या, बाकी तुमचं तुम्ही करा." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःहून कमी करणारी व्यक्ती या धंद्यात मी दुसरी पाहिली नाही. वही आता माझ्याकडे असते, शेवटचा रकानाही मीच भरते. ती आली की मागची पानं चाळते आणि एखाद्या आकड्यावर बोट ठेवून विचारते, "इथं खरंच दोनच उरले होते?" बहुतेक वेळा उरलेले असतात. कधी माझा जुना संकोच तिथंही डोकावलेला असतो, तो तिला बरोबर सापडतो.

मैत्रिणी विचारतात, ट्रेनर कसा ओळखायचा? दंड बघू नका, असं मी सांगते. पहिल्या दिवशी तो तुम्हाला वजन देतो की प्रश्न विचारतो, ते बघा. तुमचा सेट चालू असताना त्याचे डोळे कुठं आहेत, ते बघा. मागच्या आठवड्यात तुम्ही किती उचललं हे त्यानं कुठं लिहून ठेवलंय का, ते विचारा. फी किती, हा प्रश्न त्यानंतरचा.