सोपाऱ्याचा स्तूप आणि कळंबचा किनारा

मे महिना लागला की आमची चाळ अर्धी रिकामी होते. ज्यांना गाव आहे ते गावी जातात. आमच्या गावी आजोबांची झोपडी होती, ती कधीच पडली. आणि जमीन तर आपल्यापैकी बहुतेकांना कधी नव्हतीच. धाकट्याला सुट्टीचा अभ्यास म्हणून 'माझे गाव' हा निबंध मिळाला, तेव्हा तो वही उघडून नुसताच बसून राहिला. त्याची आई म्हणाली, "अहो, पोरांना एक दिवस तरी कुठे न्या." समुद्र दाखवावा असे मनात आले. दादरचा समुद्र आपली मुले पाहतात तो सहा डिसेंबरला, रांगेत उभी राहून. तिथे वाळूत खेळायचे नसते, हे त्यांना सांगावे लागत नाही. म्हणून यंदा आम्ही नालासोपाऱ्याला गेलो.

रविवारी सकाळी लवकर विरार लोकल पकडली. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी, कांदे आणि पाण्याच्या चार बाटल्या. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने सोपारा गावात गेलो. स्तूप म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे सांचीचे चित्र होते. इथे दिसला तो विटांचा पसरट उंचवटा. गावातले जुने लोक याला बुरुड राजाचा कोट म्हणत. "पप्पा, एवढाच?" थोरली म्हणाली.

मग तिथेच सावली धरून बसलो आणि मला माहीत होते तेवढे सांगितले. हे गाव एके काळी मोठे बंदर होते, शूर्पारक, पालीत सुप्पारक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. आत दगडाची मोठी गोल पेटी निघाली. तिच्या मधोमध तांब्याचा करंडक, आणि भोवती आठ लहान कांस्यमूर्ती. सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. एवढ्या जपणुकीने सोन्यात ठेवले होते काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवंतांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते ठेवले असावेत. सोबत सोन्याची फुलेही होती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

त्याच वर्षी इथल्या भाटेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. 1956 साली, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणांवरून कळतो, आणि तो आहे सहलीविषयी! पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा काढीत, शिकार करीत. मी मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक सांगतो. वडीलधाऱ्यांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून धम्माची चर्चा, हे त्या यात्रेतले काम. मोर्चे आणि सभा करून थकणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा लेख जरूर वाचावा. राजानेसुद्धा प्रवास सोडला नव्हता, शिकार सोडली होती.

निघताना पाहिले तर धाकट्याच्या खिशात विटेचा तुकडा. मी म्हटले, "ठेव जागेवर." तो म्हणाला, "आपलंच आहे ना हे? मग घेतलं तर काय झालं?" या प्रश्नाने मी अडलो. आपलेच आहे हे सांगत तर मी दीड तास बसलो होतो. शेवटी त्याची आईच म्हणाली, "आपलं आहे म्हणूनच ठेवायचं, बाळा. सगळ्यांनी एकेक नेली तर तुझ्या पोरांना काय दाखवशील?" त्याने तुकडा ठेवला, पण कळंबपर्यंत बोलला नाही.

सोपाऱ्याहून निर्मळमार्गे कळंबला जाताना दोन्ही बाजूंना वाड्या लागतात: केळी, नारळ, जास्वंद, सोनचाफा, मोगरा. इथली फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात येतात. एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. तिथल्या मावशींना आमच्या गॅलरीतल्या मोगऱ्याचे गाऱ्हाणे सांगितले; पाने भरपूर, फूल नाही. त्या हसल्या. "छाटता की नाही? थंडी सरताना छाटायचा, पाणी तोडायचं, मग खत घालायचं. लाड केले की नुसता पाल्यावर जातो."

समुद्रावर जायचे तर भरती-ओहोटी पाहून जावे. कोळी लोकांचा साधा हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे सहाच्या सुमारास. आम्ही दोनला पोहोचलो, पाणी अजून लांब होते. सुरूच्या सावलीत जेवलो. मग मुलांनी शिंपले वेचले, फक्त रिकामे. आत जीव असेल तो परत पाण्यात, ही थोरलीची अट. पाणातिपाता वेरमणी रोज म्हणतो, ते इथे कामाला आले. गुडघ्यापलीकडे कुणाला जाऊ दिले नाही. पाच वाजता लाट चपलांपर्यंत आली, तेव्हा निघालो.

घरी धाकट्याने पिशवीभर वाळू मोगऱ्याच्या डब्यात ओतायचा घाट घातला होता, वेळीच अडवला. खारी वाळू झाड मारते. शिंपलेही तीनदा गोड्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे लागतात, नाहीतर वास जात नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, फेविकॉल आणि शिंपले, यांची चौकट करून बुद्धपौर्णिमेला भगवंतांच्या फोटोला लावली. मोगरा यंदाही फुलला नाही, म्हणून थोरलीने बारीक शिंपल्यांची पाच-सहा फुले करून पुढे ठेवली. छाटणीची तारीख मी कॅलेंडरवर आताच लिहून ठेवली आहे.

धाकट्याने निबंध लिहिला. 'माझे गाव' हे नाव तसेच ठेवून खाली सुरुवात केली आहे, "माझे गाव सोपारा." शाळा उघडल्यावर बाई काय म्हणतात ते पाहू.