धानाच्या मुलखातला एक प्रश्न

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, दुर्ग मागे टाकत रायपूरला येते. पावसाळ्यात या वाटेवर खिडकीबाहेर धानाच्या बांध्या सरता सरत नाहीत. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात, ते उगीच नव्हे. रात्री पाण्यात भिजवलेला भात सकाळी कांद्याबरोबर खायचा, ही ‘बासी’ इथली उन्हाळ्यातली न्याहारी. पौष पौर्णिमेला मुले ‘छेरछेरा’ म्हणत दारोदार फिरतात, तेव्हा त्यांच्या झोळीत पडते तेही धानच!

अशा गावी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचे नीतिशास्त्र अभ्यासावेसे वाटले, तर कारण शोधायला लांब जायला नको. इथल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठातला धानाच्या वाणांचा संग्रह पाहिला तरी पुरे. त्याचा पाया घातला डॉ. राधेलाल रिछारिया यांनी. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात शेतकऱ्यांकडून १७ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. कुणी सुवासिक, कुणी लवकर पिकणारे, कुणी कमी पाण्यावर निभावणारे. पुढे त्यांची संस्था बंद पडली आणि संग्रह विद्यापीठाकडे आला. १९९६ मध्ये रिछारिया वारले.

मग २००२ मध्ये सिंजेंटा या स्विस कंपनीशी विद्यापीठाच्या सहकार्याची बोलणी चालल्याची बातमी आली आणि शेतकरी, कार्यकर्ते खवळले. डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

वाद मिटला, पण विद्यार्थ्यापुढचा पेच मिटत नाही. नवा वाण कसा काढायचा, हे शेतीशास्त्र शिकवते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चांगली लोंबी निवडून बियाणे राखले, त्यांचा त्यावर हक्क किती, हे मात्र प्रयोगशाळेत कळत नाही. नुसते कुलूप लावून ठेवावे, तर तेही बरे नाही. संशोधनाला पैसा लागतोच, आणि वाण शेतात नांदला तरच खरा जगतो. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण कपाटातल्या हजारो नमुन्यांमागचे शेतकरी आज कोण ओळखणार?

धमतरी जिल्ह्यातल्या ‘नगरी दुबराज’ या सुवासिक तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाले तिथल्या बायकांच्या एका बचत गटाला.