एका गाण्याची गावे

'आज जाने की जिद न करो' हे गाणे कोणाचे, असे आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत विचारले तर चौघांपैकी तिघे फरीदा खानमचे नाव घेतील. चौथा वयाने लहान असेल तर एखाद्या हिंदी चित्रपटाचे नाव सांगेल. फैयाज हाशमी हे नाव कोणाच्याच तोंडी येणार नाही. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्यांची ही तऱ्हा, मग इतरांना काय बोल लावायचा!

शिवाय याला सर्रास गझल म्हणतात. ही गझल नाही. यात मत्ला नाही, मक्ता नाही, दोन ओळींचे सुटे शेर नाहीत. धृपद आहे, कडवी आहेत. नज्म म्हणा, गीत म्हणा. गझलेच्या मैफलीत गायले गेले म्हणून त्याची गझल झाली. बिर्याणीच्या देगेत शिजवली म्हणून खिचडीची बिर्याणी होत नाही, एवढे तरी आपल्या लोकांना सांगायला नको.

गाणे आले ते १९७३ साली, 'बादल और बिजली' या पाकिस्तानी चित्रपटात. शब्द फैयाज हाशमींचे, चाल सोहैल राना यांची, आणि आवाज हबीब वली मोहम्मद यांचा, म्हणजे पुरुषाचा. चित्रपटाची आज कोणाला आठवण नाही. गाणे मात्र राहिले. त्यातून ते गळ्यागळ्यांतून असे फिरले की ज्यांनी ते घडवले तेच मागे पडले.

या माणसांची माहिती जमवताना आम्हाला एक गोष्ट जाणवली आणि ती मनातून जाईना. फैयाज हाशमी जन्मले कलकत्त्यात, १९२० साली. तिथल्या ग्रामोफोन कंपनीसाठी ते गाणी लिहीत. तलत महमूद यांना ज्या गाण्याने नाव मिळवून दिले ते १९४४ सालचे 'तस्वीर तेरी' त्यांचेच. फाळणीनंतर ते तिकडे गेले आणि २०११ साली कराचीत वारले. सोहैल राना आग्र्याचे. हबीब वली मोहम्मद यांचा जन्म रंगूनचा, मेमन व्यापारी घराण्यातला. रंगूनहून मुंबई, मुंबईहून कराची आणि शेवटी अमेरिका. तिथेच २०१४ साली त्यांचे निधन झाले. बहादुरशाह जफरच्या नावावर असलेली परागंदा माणसाची ती प्रसिद्ध गझल त्यांनी घराघरांत पोचवली होती. ज्या शहरात जफरची कबर, त्याच शहरात जन्मलेल्या माणसाने! सोहैल राना पुढे कॅनडात स्थायिक झाले. आणि जिच्या नावाने हे गाणे ओळखले जाते ती फरीदा खानम? तिचाही जन्म कलकत्त्याचा, लहानपण अमृतसरचे. फाळणीत ते घर सुटले.

म्हणजे 'आज जाऊ नकोस' असे म्हणणारे हे गाणे ज्या चौघांच्या हातून घडले, ते चौघेही आपापले गाव सोडून गेलेले. फैयाज हाशमींनी ते प्रेयसी-प्रियकराचे गाणे म्हणूनच लिहिले असणार. चित्रपटाच्या गाण्यावर फाळणीचे ओझे लादू नये, हे आम्हाला कळते. पण कळूनही ऐकताना वेगळे वाटते, याला आमच्या घरातले कारण आहे.

आमच्या दादीची धाकटी बहीण १९६१ साली लग्न होऊन कराचीला गेली. नवरा आमच्याच खाडीपट्ट्यातला. त्याचे चुलते फाळणीच्या आधीपासून कराची बंदरात कामाला होते, त्यांनी त्याला बोलावून घेतले. तेव्हा त्यात परदेश असे काही वाटत नसे. मुंबईहून कराचीला बोट जायची. आमच्या कोकणी मुसलमानांना बोटीचे काय अप्रूप! वर्षाआड माहेरी येऊ, असे ठरवून ती गेली. १९६५ च्या युद्धात बोट बंद पडली ती पडलीच.

आम्ही तिला 'कराचीवाली दादी' म्हणत असू. आम्हाला आठवते ती तिची १९९७ सालची खेप, तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. व्हिसावर ठरावीक ठिकाणांचीच नावे. आल्याची नोंद पोलिसांत, जाण्याची नोंद पोलिसांत. शेजारच्या तालुक्यात सख्खी मावसबहीण आजारी होती, पण तिथे जाता आले नाही, कारण तो जिल्हा कागदावर नव्हता. तिने आणलेल्या सामानात सुकामेवा होता, आमच्यासाठी कपडे होते आणि फरीदा खानमची एक कॅसेट होती. रात्री जेवणे आटोपली की दोघी बहिणी पडवीत ती लावून बसायच्या. आमच्या दादीला उर्दू बेताचेच कळायचे, घरात आम्ही कोकणीच बोलतो. ती मध्येच विचारायची, "ही काय म्हणते?" कराचीवाली सांगायची, "जाऊ नको म्हणते." दादी म्हणायची, "एवढंच? मग इतका वेळ का लावते?"

जायच्या दिवशी मात्र दादी 'जाऊ नको' म्हणाली नाही. तिने कोकम बांधून दिले, सुका जवळा बांधून दिला, तांदळाचे पीठ दोनदा चाळून दिले आणि एवढेच म्हणाली, "पोचलीस की खत टाक." व्हिसाची तारीख कोणाच्या जिदीने हलत नाही, हे तिला ठाऊक होते. दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

दादीची ती तक्रार मात्र बरोबर होती. फरीदा खानम वेळ लावते, आणि त्यातच तिचे सगळे कसब आहे. जाणकार सांगतात की चाल यमन कल्याणच्या अंगाने जाते. आम्हाला त्यातले शास्त्र कळत नाही, पण ती एका शब्दावर किती वेळ रेंगाळते हे कोणालाही कळते. जाणारा उंबरठ्यावर उभा आहे आणि ओळ संपली की तो निघणार, म्हणून ती ओळ संपूच देत नाही. पतियाळा घराण्याच्या आशिक अली खाँसाहेबांकडची तालीम तिने अशी वापरली.

फरीदाने आणखी एक गोष्ट केली, कदाचित नकळत. नववीच्या वर्गात लिंग-वचन शिकवताना ती आम्हाला सापडली. एका मुलीने विचारले की या गाण्यात ज्याला थांबवायचे त्याच्यासाठी सगळी क्रियापदे पुल्लिंगी आहेत, मग मोबाइलवर ते मुलगे कसे गातात? प्रश्न शंभर नंबरी होता. उर्दू शायरीत माशूक व्याकरणाने पुल्लिंगी असतो, हा जुना रिवाज. बोलणारा स्वतःला 'हम' म्हणतो, त्यामुळे बोलणारा पुरुष की बाई हे झाकून राहते. आपल्या मराठीतल्या 'आम्ही'सारखेच. 'आम्ही गेलो' यातून काही कळत नाही, 'मी गेले' म्हटले की कळते. हबीब वली मोहम्मद यांनी गायले तेव्हा ते पुल्लिंग केवळ रिवाजाचे होते. फरीदाने गायले आणि एक बाई एका पुरुषाला थांबवते आहे, असा त्याचा सरळ अर्थ झाला. शब्द तेच, व्याकरण खरे झाले. आमच्या समाजात जाणारे बहुतेक पुरुष असतात, आखातात, जहाजावर, मुंबईला. थांबवणाऱ्या बाया असतात, आणि त्या थांबवतात तेही मनातल्या मनात. ती त्यांच्या वतीने उघड बोलली, म्हणून बायकांनी ते गाणे आपलेसे केले असावे.

मग इतरांनी ते गायिले. २००५ साली आशा भोसले यांनी मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम आणि जगजित सिंग या चौघांच्या गाजलेल्या चिजा घेऊन एक अल्बम केला. त्यात हे गाणे होते. सारंगी-तबल्याच्या जागी नव्या धर्तीचा वाद्यमेळ होता. आशाताईंचा गळा म्हणजे काय सांगावे, पण त्या गाण्यात आम्हाला घाई दिसली. थांब म्हणणारीच घाईत असेल तर समोरचा कशाला थांबेल? गिटार घेऊन गाणारी अलीकडची मुले तर विचारूच नका. त्यांच्यातले दोन-तीन आवाज चांगले आहेत, बाकीचे डोळे मिटून गातात एवढेच.

२०१५ साली पाकिस्तानच्या कोक स्टुडिओत स्वतः फरीदा खानमने ते पुन्हा गायिले. ऐंशीच्या घरातली बाई, दम पुरत नाही, ताना तिने सोडून दिल्या. राहिला फक्त आग्रह. हे ध्वनिमुद्रण आम्हाला जुन्या कॅसेटपेक्षाही जवळचे वाटते. तरुणपणी ती थांबवायची तेव्हा समोरचा थांबेल अशी आशा होती. इथे ती आशा नाही, तरी सांगणे चालूच आहे.

पुढच्याच वर्षी हे गाणे शिल्पा राव यांच्या आवाजात 'ऐ दिल है मुश्किल'साठी आले. त्या चित्रपटात एक पाकिस्तानी नट होता. उरीच्या हल्ल्यानंतर आपल्या राज्यात त्यावरून केवढा गदारोळ झाला ते सर्वांना आठवत असेल. प्रकरण मुख्यमंत्र्यांच्या दारापर्यंत गेले आणि यापुढे तिकडचे कलाकार घेणार नाही, असे निर्मात्यांनी कबूल केले. नटाला हरकत होती. गाण्याला कोणी हरकत घेतल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही. ते व्हिसा न काढता आले आणि राहिले.

लिंग-वचनाच्या त्याच तासाला आम्ही फळ्यावर चार नावे लिहिली आणि प्रत्येकासमोर जन्मगाव लिहिले. कलकत्ता, आग्रा, रंगून, पुन्हा कलकत्ता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मग यात पाकिस्तानी गाव कोणाचं?"

आम्ही म्हणालो, "जन्माने कोणाचंच नाही. गेल्यानंतर चौघांचंही." ते त्याला पटले की नाही, कोण जाणे. त्याने रंगून नकाशात कुठे आहे ते विचारले, आम्ही दाखवले. पुढचा तास गणिताचा होता. आत आलेल्या सरांनी फळा पाहिला आणि म्हणाले, "आज उर्दूच्या तासाला भूगोल कसा काय?"