आधी गॅप, मग टायमिंग

विलिस जीप पिकअप सुरू होत नाही, किंवा सुरू होऊनही ओढत नाही, तेव्हा बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे जातो. तो उघडायला सोपा, त्यात घाण हमखास सापडते आणि साफ केल्याचे समाधानही मिळते. दोष मात्र पुष्कळदा डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाखाली असतो.

ही पिकअप १९४७ ते १९६५ या काळात अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडो शहरात तयार झाली. तिच्यात आधी ‘गो-डेव्हिल’ आणि १९५० पासून ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवले गेले. दोन्हींचा आकार १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लिटर. (सहा सिलिंडरच्या पिकअपही निघाल्या, त्यांचे आकडे वेगळे.) महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये हेच हरिकेन होते. त्यामुळे त्या जीपचा ‘डेल्को’ (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर) हाताळलेल्या मिस्त्रीला इथे नवे असे फारसे काही भेटत नाही.

तपासणीची सुरुवात स्पार्कपासून. कॉइलची जाड वायर टोपणातून काढून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरून, तिचे टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवावे आणि सेल्फ मारावा. निळा, चटचट वाजणारा स्पार्क आला तर कॉइलपर्यंतचे सगळे ठीक. पुढे फक्त टोपण, रोटर, वायरी आणि प्लग उरतात. पिवळा, मलूल स्पार्क आला तर पॉइंट आणि कंडेन्सर पाहावेत. स्पार्कच नसेल तर एक साधा बल्ब पुरतो. त्याची एक वायर अर्थला आणि दुसरी कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या टर्मिनलला लावून इंजिन फिरवले की बल्ब उघडझाप करायला हवा. तो सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर थर चढला आहे. पेटलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, करंट वाटेतच अर्थ होतो आहे किंवा कॉइलपर्यंत करंट पोचतच नाही. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत पॉइंटवरचा थर हाच पहिला संशयित. पॉइंट दिसायला स्वच्छ असतात, पण करंट जाऊ देत नाहीत. ते बारीक कानशीने हलकेच घासावेत. पॉलिश पेपरचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात आणि पुढे तेच पॉइंट जळतात.

यानंतर गॅप. पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर असताना फिलर गेजने गॅप ०.०२० इंच ठेवावी, प्लगची ०.०३० इंच. पॉइंटच्या गॅपवर टायमिंग अवलंबून असते आणि घाईत नेमके हेच विसरले जाते. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. कमी झाली की मागे येते. वापरात टाच झिजते, गॅप कमी होत जाते आणि गाडी हळूहळू मंदावते. ती इतकी सावकाश मंदावते की मालकाला सवय होऊन जाते. आधी टायमिंग लावून मग गॅप दुरुस्त करणारा माणूस स्वतःचेच काम मोडतो.

या इंजिनाचे टायमिंग टॉप डेड सेंटरच्या ५ अंश आधी लागते. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि हँडलने इंजिन फिरवावे. अंगठा ढकलला गेला की पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे. ही खातरजमा टाळता येत नाही, कारण टायमिंगची खूण प्रत्येक फेऱ्याला जुळते, कॉम्प्रेशन मात्र एकाआड एक फेऱ्याला येते. इंजिन नेहमीच्या दिशेने फिरवतच खूण जुळवावी. पुढे जाऊन उलटे आणले तर गिअरमधली ढिलाई मोजमापात शिरते. मग इग्निशन चालू करून, डिस्ट्रिब्यूटर सैल करून, बल्ब ज्या क्षणी पेटेल तिथे आवळावा. वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की टायमिंग पुढे जाते. वायरी त्या उलट दिशेनेच १-३-४-२ अशा क्रमाने लावाव्यात.

टायमिंग पुढे गेलेले असले तर चढावर नॉकिंग होते आणि हँडल उलटा झटका देते. म्हणूनच हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात. टायमिंग मागे असले तर गाडी ओढत नाही, तापते, सायलेन्सरमध्ये फुटते.

या इंजिनाची एक खास खोड आहे. डिस्ट्रिब्यूटर थेट कॅमशाफ्टवर चालत नाही. ब्लॉकच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या ऑइल पंपाच्या शाफ्टवर चालतो. जोडणीची खाच मध्यापासून सरकलेली असल्याने डिस्ट्रिब्यूटर एकाच प्रकारे बसतो, पण पंप कोणत्याही दातावर बसू शकतो. ऑइल पंप काढून बसवल्यानंतर गाडी सुरू होईना, किंवा बॉडी फिरवायला जागाच उरली नाही, तर पंप एखाद-दोन दात चुकला आहे असे धरावे. अनेक जण पंप पुन्हा न काढता वायरी एक घर सरकवतात. गाडी त्यानेही चालते आणि रस्त्यात अडकलेल्याने तसे जरूर करावे. मात्र घरी पोचल्यावर पंप नीट बसवावा, नाहीतर पुढचा मिस्त्री पुस्तकाप्रमाणे वायरी लावून फसेल.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी सगळ्यात जास्त छळते. कॉइल, कंडेन्सर आणि पेट्रोल लाइनमधली वाफ, तिघांचेही लक्षण हेच. निवाडा बंद पडल्याच्या क्षणीच होतो: बॉनेट उघडून लगेच स्पार्क पाहावा. निळा असेल तर पेट्रोलकडे वळावे; नसेल तर आधी कंडेन्सर बदलावा, मग कॉइल.

एवढे करूनही टायमिंग एका जागी टिकत नसेल तर डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहावा. बुश झिजले असतील तर गॅप प्रत्येक कॅमवर वेगळी पडते आणि कितीही वेळा लावली तरी फरक पडत नाही. रोटर हाताने थोडा पिळून सोडला की स्प्रिंगने मागे यायला हवा. आला नाही तर आतली वजने अडकली आहेत आणि वेगाबरोबर टायमिंग पुढे सरकत नाही.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवणे हा चांगला उपाय आहे, पण तो फक्त पॉइंट आणि कंडेन्सरवरचा उपाय आहे. अडकलेली वजने आणि चुकलेला पंप त्याने सुधारत नाहीत. शिवाय मॉड्यूल रस्त्यात गेले तर घासून किंवा साफ करून चालू होत नाही. म्हणून ते बसवणाऱ्याने काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर, एक स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज गाडीतच ठेवावेत.