तारीख सांगणारा माणूस

वसंतराव नाईकांबद्दल मी उभ्या आयुष्यात धड बोललो नाही. आता पासष्टी उलटल्यावर त्यातलं बरंचसं मागे घेतोय. सगळं नाही.

आमचं गाव त्यांच्याच यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबा त्यांना ‘साहेब’ म्हणत, मी त्यांच्या ओठातल्या पाईपवरून ‘पाईपवाले’. कॉलेजात आमचा हिशेब सोपा होता. गहुलीच्या तांड्यावरचा सधन बंजारा घरातला मुलगा नागपुरात वकिली शिकतो, पुसदचा नगराध्यक्ष होतो, १९५२ साली आमदार, पाठोपाठ उपमंत्री, मग मंत्री आणि १९६३ पासून सव्वाअकरा वर्षं मुख्यमंत्री. म्हणजे नगरपालिका ही शिडीची पहिली पायरी, दुसरं काय! पुसद आधी मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. राज्यं तीन बदलली, खुर्ची सुटली नाही, असं बोलून मी वादविवाद स्पर्धेत टाळ्या घेतल्या होत्या. शिवसेनेला त्यांनी पाठीशी घातलं म्हणून लोक तिला ‘वसंतसेना’ म्हणत; तो विनोदही आम्ही झिजेपर्यंत वापरला.

त्यांनी उचलून धरलेल्या हायब्रीड ज्वारीचा राग मात्र घरचा होता. ती ज्वारी लवकर पिकायची आणि परतीच्या पावसात सापडून काळी पडायची. आईची भाकरी निवली की तुटायची. गावात अशक्त पोराला ‘हायब्रीड’ म्हणत, आणि ते पोर मी होतो. त्यामुळे माझ्या राजकीय मतांत थोडा हात त्या भाकरीचाही असावा.

या सगळ्याच्या वर त्यांचं १९६५ चं शनिवारवाड्यावरचं भाषण. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर चढवा, असं ते भर सभेत बोलले. मी त्याला नौटंकी म्हणायचो. मुदत संपली, दोर कुणी आणला नाही, आणि १९७२ चा दुष्काळ तर अजून यायचाच होता.

पुढे मी स्वतः नगरसेवक झालो. एकच मुदत, एका लहानशा पालिकेत. वॉर्डात शेवटच्या गल्लीला नळ नव्हता. सकाळी दात घासायला ओट्यावर आलो की समोर एक म्हातारी मावशी घागर घेऊन उभी.

“भाऊ, नळ कवा येते?”

“होऊन जाईल मावशी. प्रस्ताव पाठवलाय.”

हे वर्षभर चाललं. एकदा ती म्हणाली, “तारीख सांग ना. खोटी सांगशील तं चालते, पर सांग.”

मी सांगितली नाही. पाच वर्षांत एकाही कामाची तारीख मी कुणाला दिली नाही. प्रस्ताव, मंजुरी, टेंडर, निधी हे शब्द मी फार चटकन शिकलो. तारीख दिली की ती लोकांच्या हातात जाते आणि रोज सकाळी ओट्यावर परत येते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

शनिवारवाड्याचं भाषण मला तेव्हा आठवलं. आमदाराला मुंबई असते, मुख्यमंत्र्याला त्याहून मोठी भिंत. नगराध्यक्षाला मात्र लपायला गल्लीसुद्धा नसते. जो एवढ्या लांब निसटला होता त्याने आपण होऊन लोकांच्या हातात तारीख दिली. ही सवय त्यांना पुसदच्या पालिकेत लागली असं छातीठोक सांगता येणार नाही. मला मात्र तसंच वाटतं. शिवाय पुढची कामं त्या भाषणाला धरूनच होती. राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ मधली.

आणि रोजगार हमी. कल्पना वि. स. पागे यांची, पण दुष्काळात तिच्यामागे सरकार उभं केलं ते नाईकांनी. आम्ही तिला बायकांना खडी फोडायला लावणारी योजना म्हणून हिणवायचो. तिचा कायदा झाला १९७७ मध्ये, नाईक मुख्यमंत्रिपदावरून गेल्यावर दोन वर्षांनी. तो मी नगरसेवक असताना पहिल्यांदा नीट वाचला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता. इथेही तारीखच, आणि तीही कायद्यात लिहिलेली! दरिद्री मजुराने सरकारला मुदत घालावी, ही गोष्ट मी वीस वर्षं खडीच्या ढिगाखाली पाहिलीच नव्हती.

नाईकांच्याच काळात आलेल्या कापसाच्या एकाधिकार खरेदीवरचा राग तेवढा शिल्लक आहे. खरेदी केंद्राबाहेर बाबांनी बैलगाडीखाली काढलेल्या रात्री आणि हप्त्याहप्त्याने आलेले पैसे मी विसरणार नाही.

गेल्या १ जुलैला, नाईकांच्या जयंतीला, पालिकेत कृषी दिनासाठी मला बोलायला बोलावलं. हे सगळं तिथे सांगायचं ठरवून गेलो होतो. समोर आजी-माजी नगरसेवक बसलेले पाहिले आणि हायब्रीडच्या उत्पादनावर दहा मिनिटं बोलून खाली बसलो.

मावशीच्या गल्लीत नळ आला, माझ्यानंतरच्या दुसऱ्या नगरसेवकाच्या काळात. ती तोवर राहिली नव्हती. मी अजून त्या गल्लीतून जात नाही, मागच्या रस्त्याने वळून जातो.